स्वभाव की कौशल्य? आधी अर्धा तास काम देऊन बघा

ऑफिसच्या कामासाठी माणूस निवडताना 'स्वभाव चांगला असला की काम शिकवता येतं' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. तुमचं सॉफ्टवेअर, फायलिंगची पद्धत महिन्याभरात शिकवता येते. आकड्यांची समज आणि नीटनेटकं लिहिणं तेवढ्यात येत नाही, ते उमेदवाराकडे आधीच हवं.

त्यासाठी ३० मिनिटांची चाचणी पुरते. एक्सेलमध्ये ४० बिलं द्या आणि मुद्दाम चुका पेरा: एक दुबार नोंद, एक उलटसुलट तारीख, एक रक्कम टेक्स्ट (आकडा नव्हे, मजकूर) म्हणून टाकलेली. ती रक्कम डोळ्यांना दिसते, पण SUM मध्ये (एक्सेलच्या बेरजेच्या सूत्रात) धरली जात नाही. बेरीज ताडून बघणारा ती पकडतो. मग चिडलेल्या ग्राहकाच्या मेलला उत्तर लिहायला सांगा. गप्पांपेक्षा स्वभाव तिथे जास्त कळतो.

'टीममध्ये जुळेल का' याचा अर्थ बहुतेकदा 'आपल्यासारखा आहे का' एवढाच निघतो आणि बोलका माणूस बाजी मारतो. त्यापेक्षा सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, जसं की 'चूक लक्षात आल्यावर आधी कोणाला सांगितलंत?' प्रत्येक मुलाखतकाराने चर्चेआधीच ५ पैकी गुण लिहून ठेवावेत. साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात!