मदत हवी आहे: 'क' वर्ग नगरपरिषदेची दर्जावाढ नव्या जनगणनेआधी होऊ शकते का?

नमस्कार मंडळी. नगरपालिकेत काम केलेले किंवा नगरसेवक राहिलेले कुणी इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

आमचं गाव तालुक्याचं ठिकाण, नगरपरिषद 'क' वर्ग. महाराष्ट्राच्या 1965च्या नगरपरिषद कायद्यात 1 लाखावर लोकसंख्या असेल तर 'अ', 40 हजारांवर 1 लाखापर्यंत 'ब' आणि 40 हजार किंवा त्याहून कमी असेल तर 'क', अशी वर्गवारी आहे. 2011च्या जनगणनेत आम्ही 40 हजारांच्या जरासे आत राहिलो. त्यानंतर गावाभोवतीच्या माळावर प्लॉटिंग झालं, कॉलन्या उठल्या. तरी कागदावर अजून 2011चाच आकडा, कारण कायद्याला लागते ती प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना. 2021ची झालीच नाही, आणि नव्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. त्यानंतर आकडे प्रसिद्ध होणार, मग अधिसूचना. तोवर काय करायचं?

हा प्रश्न मानाचा नाही. पदांचा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदं किती मंजूर, हे वर्गावर ठरतं. आमच्याकडे पाणीपुरवठ्याला पूर्णवेळ अभियंता नाही, मुख्याधिकाऱ्यांकडे शेजारच्या नगरपंचायतीचाही अतिरिक्त कार्यभार आहे. उन्हाळ्यात पाणी आठवड्याने येतं तेव्हा तक्रार ऐकायलाही माणूस भेटत नाही. याची दुसरी बाजूही ऐकली आहे: वर्ग वाढला की राज्य सरकारच्या नगरोत्थानसारख्या शहरविकास योजनांत पालिकेला स्वतःचा हिस्सा जास्त घालावा लागतो. तरीही माणसं आधी मिळावीत, असं माझं ठाम मत आहे.

माझा खरा प्रश्न हद्दवाढीचा आहे. लगतच्या दोन ग्रामपंचायतींचा काही भाग हद्दीत घेतला, तर त्या भागाची 2011ची लोकसंख्या आमच्या 2011च्या आकड्यात मिळवून लगेच 'ब' वर्ग मागता येतो का? की हद्दवाढ एकीकडे आणि वर्गवारी पुढच्या जनगणनेनंतरच? कुणाच्या गावात असं झालं असेल तर गावाचं नाव आणि साल सांगा, अधिसूचना मी शोधून काढेन.

गावातले लोक इचलकरंजी आणि जालन्याचं उदाहरण देतात. महानगरपालिकेसाठी 3 लाखांचा निकष सांगितला जातो, 2011ला दोन्ही शहरं त्याच्या थोडी आतच होती, आणि तरी 2022 आणि 2023 मध्ये तिथे महानगरपालिका झाल्या. तो न्याय 'क' वरून 'ब' ला लावता येईल का, हेही जाणकारांनी सांगावं. माथेरानचं उदाहरण मात्र कृपया देऊ नका. तिथे लोकसंख्या 5 हजारही नाही, पण ती गिरिस्थान नगरपरिषद आहे, तिची गोष्ट वेगळी.

पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडायला एक नगरसेविका तयार आहेत. ठरावासोबत काय जोडायचं? मतदार यादी, मालमत्ता कराच्या नोंदी, नळजोडण्यांची संख्या यांना जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा नगरविकास विभागात काही वजन मिळतं का? कुणाकडे अशा मंजूर ठरावाचा नमुना असेल तर इथेच टाका, म्हणजे इतर 'क' वर्ग गावांनाही उपयोग होईल.