टर्मिनलवर नावं रोमनमध्ये टाका म्हणणाऱ्यांना उत्तर

मांजराकाठ
काल टर्मिनलच्या, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या स्क्रीनच्या, विषयावर एकाने ठोकून दिलं, "टर्मिनलवर देवनागरीचा हट्ट सोडा, नावं रोमनमध्ये टाका, रकाने आपोआप जुळतील." डोकं फिरलं वाचून. लातूरच्या एका आडत दुकानाचा पट्टीचा प्रोग्रॅम मी एनकर्सेसवर, म्हणजे टर्मिनलवर मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीवर, चालवतो. 'लक्ष्मण' घ्या: साठवायला यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट, ७ कोडपॉइंट (हलन्तासकट सुटी चिन्हं), रुंदी मोजणाऱ्या डब्ल्यूसीविड्थ फंक्शनच्या हिशेबाने स्क्रीनवरची ५ घरं, आणि वाचणाऱ्याला अक्षरं तीनच. मुनीम शोधात 'लक' टाकतो, जुळलेला भाग पिवळा करायचा असतो. कोडपॉइंट मोजून रंग दिला की पिवळा क वर थांबतो आणि क्ष्म मधोमध फाटतो, कारण रंगाचा कोड पडला की बहुतेक टर्मिनल जोडाक्षर तोडतात. यात लिपीचा काय दोष? रंग अक्षराच्या कडेलाच बदला.

गोदाकाठ_नांदेड
कड ठरवणार कोण? युनिकोड या लिप्यांच्या मानकाची १५.१ आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, नियमानेच क्ष चे दोन तुकडे पडायचे. लायब्ररी जुनी नि टर्मिनल नवं असलं की कर्सर भलतीकडे. आणि एनकर्सेसच्या एका घरात रुंदीचं एकच अक्षर बसतं, वर बिनरुंदीच्या खुणा, सगळं मिळून ५ कोडपॉइंट. क्ष्म मध्ये रुंदीची तीन आहेत. कुठं कोंबणार? रोमन म्हणणारा मीच होतो, आजही तेच म्हणतो.

काळी_माती
१९९१ च्या इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकात ठळक, अधोरेखित यांसाठी एटीआर हा कोड मजकुरातच होता. युनिकोडने ते टाकून दिलं, त्याची फळं भोगतोय.

गोदाकाठ_नांदेड
काका, प्रत्येक धाग्यात इस्की! ठळक कुठून सुरू करायचं हा प्रश्न तिथंही उरतोच.

काळी_माती
बरं, इस्की राहू द्या. तुमच्या रोमनचं ऐका. माझ्या चुलत्याचं आडनाव साठे. एका कार्यालयात यादी रोमनमध्ये भरली, पुढे कुणीतरी ती परत मराठीत उतरवली. झालं 'साथे'. अतिवृष्टीचं अनुदान अडकलं, म्हातारा माणूस परभणीला हेलपाटे घालत राहिला. तुम्हाला रकाने जुळायचे पडलेत!

बिंदुसरा
आमच्या गावात काळे आणि काले दोन्ही घरं आहेत, रोमनमध्ये एकच स्पेलिंग. एकाच्या सोयाबीनची पट्टी दुसऱ्याच्या खात्यावर गेली. दोघं भाऊबंद नाहीत, बोलणंही नाही. मिटवायला सरपंच बसवावा लागला.

गोदाकाठ_नांदेड
तुमचे किस्से ऐकून कर्सर जागेवर येणार आहे का? मी टर्मिनलबद्दल बोलतोय, तुम्ही तहसीलबद्दल.

मांजराकाठ
भाऊ, तेच टर्मिनल त्या टेबलावर असतं. आणि रकान्यांना उपाय आहे. नाव छापल्यावर रुंदी मोजत बसायचं नाही, पुढच्या रकान्याला थेट स्तंभ क्रमांकावर उडी मारायची. रुंदी हवीच असेल तर छापून कर्सर कुठं थांबला ते ६एन या कोडने टर्मिनललाच विचारा.

गोदाकाठ_नांदेड
एनकर्सेसला वळसा घालूनच ना? स्क्रीनचा हिशेब त्याच्याकडे एक, प्रत्यक्षात दुसरा. ठीक आहे, नावं मराठीतच ठेवा, एवढं मानतो. पण शोधात पूर्ण क्ष्म पिवळा केलात तर मुनीम विचारेल, मी 'लक' टाकलं, म का रंगला?

मांजराकाठ
आमचा विचारत नाही. नाव वाचतो नि एंटर मारतो. अर्धा क पिवळा असताना मात्र तो रोज फोन करायचा.