सल्ला हवा: पोस्टी लिहून खेळायच्या लढाईत मायेचे (खोटं दृश्य, आवाज भासवणाऱ्या जादूचे) नियम काय ठेवावेत?

खंदककाठ, बेळगाव
लढाई राजहंसगडावर चाललीय. मायावी पात्रानं लिहिलं, ‘तुझ्याभोवती आग पेटली, तू घाबरून पळालास.’ समोरच्यानं लिहिलं, ‘खोटी आहे, माहीत आहे,’ आणि चालत आला. वाद मिटेना. फाशांशिवाय नियम आहेत काय?

निपाणीवाला
दोघांचंही चुकलं की ओ! मायावीनं दिसतं, ऐकू येतं तेवढंच लिहायचं. पळायचं की नाही हे ज्याचं पात्र त्यानं ठरवायचं. उघड पोस्टीत ‘खोटी’ हा शब्दच नको. खरं काय ते पंचाला खासगीत, आणि आधी कळवा. मागून कळवायची मुभा दिली की वार बसल्यावर जो तो म्हणणार, ‘ती माझी छाया होती.’ टिपण एवढं पुरे: ‘पोस्ट ४. बुरुजावरचा मी खोटा. खरा दाराआड डावीकडे. पावलांचा आवाज नाही.’ टिपणावर ‘एडिटेड’ दिसलं की ते बाद.

टिपणातलं ‘पावलांचा आवाज नाही’ हे वाक्य महत्त्वाचं. मायेत जे नाही त्याची खूण उघड पोस्टीत सापडली पाहिजे. ज्वाळा लिहा, धग लिहू नका. ज्याला ते खटकलं त्यानं दगड टाकून बघावा. दगड आरपार गेला की माया उघडी पडली. खूणच नसेल तर समोरचा वाचून तरी काय ओळखणार?

चिकोडी_फासे
फाशांशिवाय पंचावर फार भार पडतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या पात्रखेळाच्या २०१४ च्या नियमांतली मायामंत्रांची मापं घ्या. मायनर इल्युजन: आवाज किंवा चित्र, दोन्ही नाही, चित्र ५ फुटी घनात मावणारं, १ मिनिट, म्हणजे १० फेऱ्या. सायलेंट इमेज १५ फुटी, मुकी. मेजर इमेज २० फुटी, आवाज, वास, ऊब सगळं, पण भाजत नाही. ओळखायला तपासात एक अख्खी कृती खर्च होते. तपासणाऱ्यानं फाशावर गाठायचा आकडा ८ + मायावीचं प्रावीण्य (पातळीनुसार मिळणारी भर) + त्याच्या जादूच्या क्षमतेचा मॉडिफायर (त्या गुणामुळे मिळणारी भर). प्रावीण्य २, मॉडिफायर ३ असेल तर १३.

त्यात आमच्याकडची एक भर: माया जागेला शोभली तर आकडा २ नं वाढवा, विसंगत असली तर २ नं उतरवा. पावसाळ्यात गडावर धुकं कुणाला खटकणार? खानापूरच्या रानात हत्ती खपेल, येळ्ळूरच्या भातशेतात भर दुपारी शंका येणारच.

खंदककाठ, बेळगाव
आणि मिरर इमेज, स्वतःच्या खोट्या प्रतिमा उभ्या करायचा मंत्र?

चिकोडी_फासे
तीन प्रतिमा. वार आला की मायावीनं २० चा फासा टाकायचा. तिन्ही शिल्लक असतील तर ६ किंवा वर, दोन असतील तर ८, एकच असेल तर ११. तेवढा पडला की वार प्रतिमेवर वळतो. वार करणाऱ्याला दिसतच नसेल तर उपयोग शून्य, म्हणून काही जण डोळे मिटून मारतात. मारू दे, आंधळ्या वाराचा तोटा त्यांनाच.

निपाणीवाला
एक राहिलं. खोट्या आगीला भिऊन कोणी तटावरून मागं सरला नि पडला, तर ते पडणं खरं. पण मागं पाऊल टाकल्याचं त्यानं स्वतः लिहिलेलं असेल तरच.