विषयाबाहेरचं शिकलेलं तुम्हाला कधी कामी आलं?

दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिताचे. पण जुनी आहत नाणी, म्हणजे ठसे ठोकून घडवलेली, त्यांनी एकेक करून तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन घटतं. त्या घटीवरून कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं हे त्यांनी संख्याशास्त्राने ताडून पाहिलं. दोन्हीकडचं ठाऊक असलेला माणूस भेटला म्हणून नाण्यांना हा प्रश्न विचारला गेला. तुमच्या कामात असं काही घडलंय? प्रसंगासकट लिहा.

बीड जिल्ह्यातून, डॉक्टर

एमबीबीएसला असताना मी मित्राबरोबर शेजारच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासांना जाऊन बसायचो. तिथले सर ऊसतोडीवर फार जीव ओतून बोलत. मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं ते उन्हाळ्यातच परतायचं. आमच्या परीक्षेला यातलं काहीच नव्हतं.

पुढे क्षयाचे पेशंट बघू लागलो. औषधं सहा महिन्यांची आणि माणूस मधेच गायब. कागदावर शेरा पडायचा, ‘उपचार सोडले’. एकदा ऑक्टोबरात एका बाईंचं निदान झालं आणि मला ते तास आठवले. विचारलं, "मावशी, औंदा कोयत्यावर जाणार का?" त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उचल घेतलीय, जावंच लागतंय." टोळी कुठल्या कारखान्यावर उतरणार ते लिहून घेतलं, तिथल्या आरोग्य केंद्राला फोन केला. सहा महिने त्यांनी तिकडे गोळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही. तेव्हापासून खोकला किती दिवसांचा याच्या खालोखाल हा प्रश्न माझ्या केसपेपरवर असतो.

वकील, जमिनीचे दावे

मी हौसेने मोडी शिकले. एका वाटणीच्या दाव्यात जुन्या कागदावरचा ‘पांड’ हा शब्द दोन्ही बाजू शेताचं नाव धरून चालल्या होत्या. ते माप आहे. वीस पांडांचा एक बिघा. वाद निम्मा तिथेच मिटला.

साइट इंजिनीअर

वरचं सगळं पटतं. पण डिप्लोमा करताना मी संध्याकाळी दुकानात काम करायचो. दुसऱ्यांच्या तासाला बसण्याइतका वेळ सगळ्यांना मिळत नाही, हेही इथे लिहिलं जावं. मला जे मिळालं ते तालुक्याच्या वाचनालयात. तिथे भूगर्भशास्त्राचं एक जुनं पुस्तक होतं. आपला दख्खनचा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, आणि दोन थरांमध्ये कुठेकुठे मऊ तांबडी माती सापडते, हे त्यात वाचलेलं. पाया खणताना काळा पाषाण लागला, ठेकेदार म्हणाला, "झालं, भरा आता." मी अजून खाली बोअर घ्यायला लावलं. चार फुटांवर तांबडं लागलं. पायाचं डिझाइन बदलावं लागलं, महिना गेला, सगळ्यांची बोलणी खाल्ली. पण ती इमारत उभी आहे आणि तिच्यात माणसं राहतात.

वकील

डॉक्टर, त्या सरांना हे कळवलंत का?

बीड जिल्ह्यातून, डॉक्टर

हो, गेल्या वर्षी घरी जाऊन आलो. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "तुझ्या केंद्राच्या गावांतून यंदा किती कोयते गेले?" मी सांगितलं. त्यांनी उशाची वही काढून आकडा टिपून घेतला.