प्रतिसाद: चार कर्जं एकत्र करावीत का?
गृहकर्जासकट चारही कर्जं मोडून एकच मोठं पर्सनल लोन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून गृहकर्जाला हात लावू नका. ते सगळ्यात स्वस्त असतं, शिवाय जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते.

वेगवेगळ्या कर्जांचा एक फायदा खरा आहे. छोटं फिटलं की तेवढा हप्ता मोकळा होतो. पण तारखा जीव खातात. मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटचा हप्ता ५ला, गाडीचा ७ला, पर्सनल लोनचा १०ला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बायकोनं तिन्हीवर लाल गोल केलेले. एका महिन्यात पगार १२ला झाला आणि तिन्ही हप्ते परत गेले. आपली बँक दंड घेते, कर्ज देणाराही घेतो, सिबिल स्कोअर (कर्ज वेळेवर फेडता का, याचे गुण) पडतो तो वेगळाच. तेव्हापासून तीन महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवतो, दिवाळीतही हात लावत नाही.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती संपवा, तिचं व्याज सगळ्यात जबर असतं. मग पर्सनल लोन. मुदतीआधी फेडायला शुल्क किती, ते करारात आधी बघून घ्या.