किलोमीटर कमी, महिने जास्त: स्कूटरचे ऑइल कधी बदलावे आणि चाकांत हवा किती असावी?

वर्तकनगरची रहिवासी

नमस्कार. माझी ११० सीसीची स्कूटर जवळजवळ फक्त वर्तकनगर ते ठाणे स्टेशन एवढीच धावते; सकाळी साधारण साडेचार किलोमीटर आणि संध्याकाळी तेवढेच. मागच्या सर्व्हिसिंगला नऊ महिने झाले, पण मीटरवर जेमतेम २,००० किलोमीटर वाढले आहेत. गॅरेजवाले म्हणतात की ऑइल आताच बदलायला हवे. माझ्या सासऱ्यांनी मात्र वीस वर्षे टू-स्ट्रोक चेतक चालवली असून, एवढ्याशा धावण्याने ऑइलला काहीही होत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे.

दुसरी शंका हवेची. पंपावरचा मुलगा दोन्ही चाकांत न विचारता ३५ पीएसआय हवा भरतो. त्यानंतर तीन हात नाक्याच्या पुलावरील सांध्यांवर पुढचे चाक उसळते आणि पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर ब्रेक लावताना भीती वाटते. याचा हवेशी संबंध असू शकतो का?

जुना फिटर, कळवा

आपल्या सासऱ्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो वेगळ्या इंजिनाचा आहे. टू-स्ट्रोक चेतकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळले जाई आणि त्याच्याबरोबर जळून जाई. इंजिनात ते साठून जुने होण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या फोर-स्ट्रोक स्कूटरमध्ये तेच ऑइल महिनोन्‌महिने फिरत राहते.

आता खरा मुद्दा. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडते, परंतु त्यातला थोडा अंश, आणि न जळलेल्या पेट्रोलचाही थोडा अंश, पिस्टनच्या रिंगांमधून खाली निसटून ऑइलमध्ये मिसळतो. गाडी सलग अर्धा-पाऊण तास चालली तर इंजिन पुरेसे तापून ही वाफ निघून जाते. साडेचार किलोमीटरमध्ये, त्यातही पावसाळ्यात, इंजिन तापते न तापते तोच आपण ते बंद करता, आणि ओल आतच राहते. म्हणूनच पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने अशी दोन्ही बंधने दिलेली असतात आणि त्यांतले जे आधी येईल ते पाळायचे असते. आपल्यासारख्या वापरात महिनेच आधी संपतात. माझ्या मते अशा गाडीचे ऑइल सहा-सात महिन्यांनी, शक्यतो पावसाळा संपताच, बदलावे. बहुतेक ११० सीसी स्कूटरना ७०० ते ८०० मिलिलिटर लागते, त्यामुळे खर्चही फार नाही.

डबा घेताना त्यावर १०डब्ल्यू-३० यासारखी, म्हणजे पुस्तिकेत दिलेलीच, दाटपणाची श्रेणी आणि ‘जासो एमबी’ ही स्कूटरच्या ऑइलची खूण पाहावी. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिला एमए प्रकार लागतो; स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला एमबी चालतो.

पाम बीचवरून रोज

ऑइलबद्दल वरील प्रतिसादाशी सहमत. हवेबाबत मात्र दोष पंपाचा जितका, तितकाच न सांगणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे. स्कूटरचे इंजिन मागच्या चाकाला जोडूनच बसवलेले असते आणि चालवणाऱ्याचे वजनही मागेच अधिक पडते, त्यामुळे दोन्ही चाकांना सहसा सारखी हवा लागत नाही. ११० सीसीच्या अनेक स्कूटरना पुढे २२, मागे एकट्यासाठी २९ आणि मागे कोणी बसणार असेल तर ३६ पीएसआय सांगितलेले असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत किंवा गाडीवरील स्टिकरवर पाहावा. पुढे २२ ऐवजी ३५ भरल्यास टायर फुगून त्याचा रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो. उसळणे आणि ओल्या पट्ट्यांवर घसरणे ही दोन्ही त्याचीच लक्षणे वाटतात. म्हणून आणखी कमी हवा बरी, असेही नाही: घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या खड्ड्यात रिम वाकली की ट्यूबलेस टायरची हवा रोज थोडी थोडी उतरू लागते.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. चालवून गरम झालेल्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त दिसतात. ते पाहून हवा सोडू नये.

वर्तकनगरची रहिवासी

दोघांचेही मनापासून आभार. आज पुस्तिका शोधली: पुढे २२, मागे २९. थंड टायरमध्ये पुढे ३३ निघाले. ऑइलची पातळी मोजायची काडी बाहेर काढली तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूस ताकासारखा पांढरट थर होता. काडीवरचे ऑइल मात्र काळे आहे आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसते. हे चिंतेचे आहे का?

जुना फिटर, कळवा

झाकणावरचा थर म्हणजे वर सांगितलेली ओलच होय. ऑइल बदलून एकदा ऐरोलीपर्यंत सलग फेरी मारावी. काडीवरचे ऑइलच दुधाळ असते, तर साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्याची शंका घेऊन ती सुरूच करू नका, असे सांगितले असते.

पातळी पुन्हा पाहावी. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन काही मिनिटे चालवून बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी, काडी पुसून घालावी. बऱ्याच स्कूटरमध्ये ती आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते. आटे फिरवल्यास पातळी उगाच जास्त दिसते. तरीही पातळी जास्तच दिसली, तर ऑइल भरताना चूक झाली आहे, आणि जादा ऑइल इंजिनाच्या श्वासनळीवाटे (ब्रीदर पाइपमधून) एअर फिल्टरच्या पेटीत जाते. तीही उघडून पाहायला सांगावे.

मागच्या चाकाजवळचे गिअर ऑइल वेगळे असते, सुमारे १०० ते १२० मिलिलिटर. गॅरेजमध्ये ते हमखास विसरले जाते, म्हणून तळाचा बोल्ट आपल्यासमोर उघडून घ्यावा.