स्टार्कर 'कोरडे' वाजवायचे?

कुणीतरी म्हटलंय की चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जातलं वाद्य) यानोश स्टार्कर तंत्रात पक्के, पण वाजवणं कोरडं. मला नाही पटत. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही, हे खरं. पण हंगेरीचे संगीतकार कोदाय यांचा एकल चेलोसाठीचा सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना, १९१५) त्यांच्याकडून ऐका. त्यात खालच्या दोन तारा अर्ध्या स्वराने उतरवून लावतात, त्यामुळे खर्जाला एक वेगळाच घुमारा येतो. पॅरिसला असताना त्यांनी हीच रचना ध्वनिमुद्रित केली आणि १९४८ साली त्या मुद्रणाला फ्रान्सचा मोठा पुरस्कार मिळाला.

बुडापेस्टचा हा ज्यू मुलगा युद्धात छळछावणीतून वाचला. दोघे भाऊ मात्र गेले. असा माणूस रडवेलं वाजवायला नकार देत असेल, तर त्याला कोरडा कसं म्हणायचं?

पुढे अमेरिकेतल्या वाद्यवृंदांत वाजवलं: आधी डल्लासला दोरातींच्या, मग मेट्रोपॉलिटन ऑपेरात आणि शिकागोत राइनर यांच्या हाताखाली. हे दोन्ही वाद्यवृंद-संचालक बुडापेस्टचेच, गंमत बघा! १९५८पासून ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात शिकवायला लागले ते थेट २०१३मध्ये वारेपर्यंत तिथलेच झाले. जर्मन संगीतकार बाखचे एकल चेलोसाठीचे सुइट (नृत्यांवर बेतलेल्या छोट्या रचनांचे संच) तर त्यांनी पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केले. नव्वदच्या दशकातल्या मुद्रणाला ग्रॅमी मिळालं, पण मी तरी सुरुवात कोदायपासूनच करा म्हणेन.